आकड्यामागचं नाव: आयपी पत्त्यावरून होस्टनेम कसं काढायचं

वेबसाइटच्या ॲक्सेस लॉगमधली, म्हणजे कोण येऊन गेलं त्याच्या नोंदवहीतली, एक ओळ घेऊ. पहिल्या रकान्यात ६६.२४९.६६.१ हा पाहुण्याचा आयपी पत्ता, मग तारीख-वेळ, मग कुठलं पान मागितलं ते, आणि शेवटी पाहुण्याने स्वतःच सांगितलेली ओळख: गूगलबॉट (गूगलसाठी वेबसाइट वाचत फिरणारा प्रोग्राम). ही ओळख कुणीही सांगू शकतं, तिला काडीची किंमत नाही. पहिल्या रकान्यातला आकडा खोटा घालणं मात्र अवघड, कारण मागितलेलं पान त्याच पत्त्यावर पोचायचं असतं. तेव्हा आकड्यालाच विचारायचं, बाबा रे, तुझं नाव काय?

त्यासाठी होस्ट आणि डिग या दोन छोट्या कमांड पुरतात. पूर्ण लॉग एका दमात वाचायचा असेल तर लॉगरिझॉल्व्ह नावाची तिसरी आहे, ती शेवटी घेऊ. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. नवी कमांड आली की स्पेलिंग सांगत जाईन.

आधी हत्यारं

मॅकवर होस्ट आणि डिग आधीपासून असतात. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सवर नसतील तर बाइंड९-डीएनएसयुटिल्स हे पॅकेज एपीटीने टाका (बाइंड म्हणजे बी-आय-एन-डी, त्याला चिकटून ९, मग हायफन, मग डीएनएस आणि यू-टी-आय-एल-एस सलग). फेडोरा घराण्यात त्याच पॅकेजचं नाव बाइंड-युटिल्स. विंडोजवर काही टाकावं लागत नाही, तिथे एनएसलुकअप (एन-एस-एल-ओ-ओ-के-यू-पी) मुळातच असतं.

एनएसलुकअपमध्ये नवख्यांची एक फजिती ठरलेली. ते आधी दोन ओळी छापतं, सर्व्हर आणि ॲड्रेस, आणि मग खाली उत्तर देतं. त्या वरच्या दोन ओळी तुम्ही ज्याला प्रश्न विचारला त्या डीएनएस सर्व्हरच्या असतात (डीएनएस म्हणजे कुठल्या नावाचा कुठला पत्ता, ते सांगणारी इंटरनेटची व्यवस्था). बरेच जण तेच उत्तर समजून मोकळे होतात आणि जगातला प्रत्येक पत्ता त्यांना आपल्याच राउटरचा वाटू लागतो. उत्तर खाली, 'नेम' या शब्दापुढे असतं.

पहिला प्रश्न

होस्ट, म्हणजे एच-ओ-एस-टी. पुढे एक जागा सोडून पत्ता:

होस्ट ६६.२४९.६६.१

उत्तर एका ओळीत येतं:

१.६६.२४९.६६.इन-ॲडर.आर्पा डोमेन नेम पॉइंटर क्रॉल-६६-२४९-६६-१.गूगलबॉट.कॉम.

शेवटचा तुकडा म्हणजे आपल्याला हवं ते नाव. त्याच्या मागे लागलेला टिंब चुकून आलेला नाही; नाव इथे संपलं, याच्यापुढे आता फक्त डीएनएसचं मूळ, असं तो सांगतो. सुरुवातीचा तुकडा मात्र विचित्र दिसतो. आपण ६६.२४९.६६.१ विचारलं आणि याने ते उलटं करून, पुढे इन-ॲडर.आर्पा अशी शेपटी लावून विचारलं. हे असं का, ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे जरा थांबू.

पाकिटावरचा पत्ता आणि पिनकोड

पाकिटावर पत्ता लिहिताना आपण लहानाकडून मोठ्याकडे जातो: घर, वाडा, पेठ, शहर, राज्य. पिनकोडचं बरोबर उलटं. ४११०३० मधला पहिला ४ महाराष्ट्र-गोवा-मध्यप्रदेश-छत्तीसगड एवढा मोठा टापू सांगतो, ४११ वर आपण पुण्यात येतो आणि शेवटचे तीन आकडे सदाशिव पेठेतल्या टपाल कार्यालयापर्यंत नेऊन सोडतात. (ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्याकडचे संस्कृत कवी. टपालखात्यात कवी असला की आकड्यांनाही वृत्त मिळतं.)

डोमेन नेम पाकिटासारखं असतं. सगळ्यात मोठा तुकडा, म्हणजे डॉट कॉम किंवा डॉट इन, शेवटी. आयपी पत्ता पिनकोडसारखा, मोठा टापू आधी आणि नेमकं यंत्र शेवटी. डीएनएसला मात्र एकच वाट ठाऊक: नाव उजवीकडून वाचायला घ्यायचं, आधी मोठ्याला विचारायचं, तो लहानाकडे पाठवतो. म्हणून पत्ता उलटा करून त्याचंच एक नाव बनवतात. मग आर्पाला विचारा, तो इन-ॲडरकडे पाठवतो, तो ६६ वाल्याकडे, तो २४९ वाल्याकडे, असं करत शेवटी पत्त्याच्या मालकाच्या दारात. तिथे जी नोंद सापडते तिचं नाव पीटीआर, म्हणजे पॉइंटर.

आर्पा हे नाव आर्पानेटचं. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस मांडलं, त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळलेल्या एकाच होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये असत आणि ज्याला हवी तो ती उतरवून घेई. नव्या व्यवस्थेत जाईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून डॉट आर्पा काढलं. तात्पुरत्या पत्र्याच्या शेडचं आपल्याकडे जे होतं तेच त्याचं झालं, अजून उभी आहे आणि आख्खं इंटरनेट तिच्याखालून जातं.

सरावासाठी बहुतेक जण ८.८.८.८ घेतात. उत्तर मिळतं डीएनएस.गूगल. पण हा पत्ता 'चिमा काय कामाची'सारखा, दोन्हीकडून सारखाच. त्यात उलटापालट दिसतच नाही. १.१.१.१ चं तेच. त्याचं नाव मात्र गमतीचं आहे, वन.वन.वन.वन. उलटं झालेलं डोळ्यांनी बघायचं तर वरचा ६६ वालाच बरा.

डिग, जेव्हा खोलात जायचं असतं

डी-आय-जी. मागे -एक्स लावायला विसरू नका (हायफन आणि एक्स हे अक्षर):

डिग -एक्स ६६.२४९.६६.१

-एक्स म्हणजे 'पत्ता देतोय, उलटा करायचं काम तू कर'. ते विसरलात तर डिगला वाटतं ६६.२४९.६६.१ हे एखादं नावच आहे, आणि मग ते 'असं नाव नाही' म्हणून परत येतं. आपण समजतो पीटीआर नाही. ही चूक मी अजूनही महिन्याकाठी एकदा करतो.

डिगचं उत्तर लांबलचक असतं, पण बघायचं दोनच ठिकाणी. वर 'स्टेटस' पुढचा शब्द, आणि 'आन्सर सेक्शन' खालची ओळ. त्या ओळीत उलटा पत्ता, मग एक आकडा, मग आयएन, पीटीआर आणि नाव. मधला आकडा सेकंदांत असतो: हे उत्तर किती वेळ जपून ठेवलं तरी चालेल, त्याची मुदत. तुमच्या जवळच्या डीएनएस सर्व्हरने उत्तर आधीच जपून ठेवलेलं असेल तर दर वेळी विचारल्यावर तो आकडा उतरत जाताना दिसतो. पीटीआर बदलून घेतला आणि जुनंच नाव येतंय, अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हा आकडा बघा.

एवढं सगळं नको असेल तर मागे +शॉर्ट लावा, नुसतं नाव मिळेल. दुसऱ्याच सर्व्हरला विचारायचं असेल तर @ लावून त्याचा पत्ता द्या:

डिग -एक्स ६६.२४९.६६.१ @९.९.९.९ +शॉर्ट

आयपी व्ही६ चे, म्हणजे नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते हाताने उलटे करायच्या भानगडीत पडू नका. तिथे एकेक हेक्स अंक सुटा करून, ३२ अंक टिंबांनी जोडून, आयपी६.आर्पा शेपटी लावावी लागते, आणि दोन कोलनमध्ये गिळलेली शून्यंसुद्धा आधी बाहेर काढावी लागतात. डिग -एक्स ला २००१:४८६०:४८६०::८८८८ द्या, ते मुकाट्याने सगळं करून डीएनएस.गूगल सांगेल.

नाव मिळालं, आता उलटतपासणी

ही पायरी गाळली तर आधीच्या सगळ्या पायऱ्या फुकट. पीटीआर नोंद पत्त्याच्या मालकाच्या हातात असते, आणि तिथे काय लिहायचं यावर कुणाची तपासणी नसते. माझ्याकडे पत्त्यांचा एक तुकडा असेल तर मी त्यातल्या कुठल्याही पत्त्यापुढे गूगलचं, बँकेचं, कुणाचंही नाव लिहू शकतो. भाड्याच्या खोलीवर 'जिल्हाधिकारी' अशी पाटी लावण्यासारखं आहे हे.

पण गूगलबॉट.कॉम या डोमेनच्या नोंदी फक्त गूगलच्या हातात आहेत. म्हणून मिळालेलं नाव घेऊन सरळ दिशेने पुन्हा विचारायचं:

होस्ट क्रॉल-६६-२४९-६६-१.गूगलबॉट.कॉम

उत्तरात ६६.२४९.६६.१ हाच पत्ता परत आला तर दोन्ही बाजू एकमेकींना ओळखतात. पाटी लावणाऱ्याने नाव घेतलं आणि नावाच्या मालकानेही होकार दिला. गूगल स्वतःचा बॉट ओळखायची हीच रीत सांगतं. नाव वाचताना शेवटाकडून वाचा. गूगलबॉट.कॉम हे अगदी शेवटी हवं. त्याच्यापुढे आणखी एखादं टिंब आणि भलतंच डोमेन असेल तर तो गूगलचा कुणीही नव्हे.

तपासणीची दिशा नीट लक्षात घ्या: पत्ता, मग नाव, मग पुन्हा तोच पत्ता. उलट्या दिशेने, म्हणजे आपल्या वेबसाइटच्या नावावरून पत्ता काढून त्या पत्त्याचं नाव विचारलं, तर बहुधा होस्टिंगवाल्याचंच काहीतरी लांबलचक नाव येतं. त्यात काही बिघडलेलं नाही. एका पत्त्यावर शंभर वेबसाइट राहत असतात आणि दारावर पाटी एकाचीच असते.

वेळ असेल तर एक खेळ करून बघा. होस्ट गूगल.कॉम विचारा, जो पत्ता येईल तो पुन्हा होस्टला द्या. शेवटी १ई१००.नेट असलेलं नाव येईल. १ई१०० म्हणजे एकावर शंभर शून्यं, गूगॉल. कंपनीच्या नावामागचा आकडा. आणि सुरुवातीची तीन अक्षरं बी-ओ-एम असतील तर तुमची विनंती मुंबईत पोचली. विमानतळाचं ते जुनं बॉम्बेचं लघुनाव आहे. नेटवर्कवाल्यांना आपली यंत्रं विमानतळांच्या लघुनावांनी ओळखायची सवय असते, त्यामुळे ट्रेसरूट (आपली विनंती कुठल्या यंत्रांमधून गेली ते दाखवणारी कमांड) वाचताना एम-ए-ए दिसलं की चेन्नई, एस-आय-एन दिसलं की सिंगापूर. अर्थात पाटीच ती. यंत्र हलवून पाटी बदलायला विसरलेले लोकही असतात.

नाव मिळत नाही तेव्हा

'नॉट फाउंड, एनएक्सडोमेन' आलं तर त्या पत्त्याला पीटीआर नाही, एवढाच अर्थ. पत्ता खोटा आहे किंवा यंत्र बंद आहे असा नव्हे. घरगुती आणि मोबाइल जोडण्यांचे असंख्य पत्ते बिननावाचेच असतात. ज्यांना नाव असतं त्यांचंही बहुतेक वेळा आकडेच गुंफलेलं, यंत्राने बनवलेलं नाव असतं. त्यावरून कंपनी कळते, माणूस नाही.

'सर्व्हफेल' आलं तर दुखणं त्यांच्याकडचं: त्या पत्त्याचा हिशेब ठेवणारा डीएनएस सर्व्हर बिघडलाय किंवा उत्तर देत नाहीये. 'कनेक्शन टाइम्ड आउट' आलं तर दुखणं बहुधा आपल्याकडचं, आपला प्रश्न जवळच्या डीएनएस सर्व्हरपर्यंतच गेला नाही.

१९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारे पत्ते, तसेच १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, हे खाजगी. ते घराघरांत तेच असतात, त्यामुळे बाहेरच्या जगाला त्यांचं नाव विचारून उपयोग नाही. राउटरला विचारून बघा, म्हणजे @ पुढे राउटरचाच पत्ता. काही राउटर घरातल्या यंत्रांची नावं सांगतात.

आणि एक बारीक फरक. यंत्रातल्या ईटीसी फोल्डरमधल्या होस्ट्स फाइलमध्ये तुम्ही हाताने नाव लिहिलं असेल तर डिग आणि होस्ट ती फाइल उघडत नाहीत, ते थेट डीएनएसला विचारतात. यंत्रावरचे बाकीचे प्रोग्राम मात्र आधी ती फाइल बघतात. त्यांना काय दिसतंय ते बघायचं असेल तर लिनक्सवर गेटएंट (जी-ई-टी-ई-एन-टी):

गेटएंट होस्ट्स १२७.०.०.१

याचं उत्तर लोकलहोस्ट. 'डिग एक सांगतं आणि प्रोग्राम दुसरंच करतो' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं.

आपल्या सर्व्हरला नाव लावायचं असेल तर

इथे माझे दोन दिवस गेले आहेत. एका पतसंस्थेचा मेल सर्व्हर नव्या जागी हलवला आणि सभासदांना जाणारी पत्रं स्पॅममध्ये पडायला लागली, काही तर परतच आली. परत आलेल्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की पाठवणाऱ्या पत्त्याला पीटीआर नाही. मी डोमेनच्या पॅनेलमध्ये जाऊन पीटीआर नोंद घातली. ती निमूट सेव्हही झाली. डिग -एक्स काही हलेना. मुदत संपायची वाट बघितली, नोंद पुसली, पुन्हा घातली, पॅनेलवाल्यांच्या मदतकेंद्राशी वाद घातला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोक्यात प्रकाश पडला: डोमेन आमचं होतं, पत्ता आमचा नव्हता. पत्ता सर्व्हर भाड्याने देणाऱ्याचा. त्यांच्या पॅनेलमध्ये 'रिव्हर्स डीएनएस' असा एक रकाना होता, त्यात नाव भरलं, काम झालं.

आपल्या भागातल्या पत्त्यांची साखळी अशी: वर आयाना ही जगभरचे पत्ते वाटणारी संस्था, तिच्याखाली आशिया-पॅसिफिकसाठी ब्रिस्बेनमधली एपीनिक, भारतात वाटप करणारी आयरिन, मग इंटरनेट कंपनी किंवा होस्टिंगवाला, आणि मग तुम्ही. पीटीआर या साखळीतूनच येतो. ती डोळ्यांनी बघायची असेल तर डिग -एक्स च्या मागे +ट्रेस लावा, कोण कुणाकडे पाठवतंय ते टप्प्याटप्प्याने दिसतं. ऑफिसला ब्रॉडबँडवाल्याकडून स्थिर पत्ता घेतला असेल तर त्यालाच ईमेल करा; मजकुरात पत्ता आणि हवं ते पूर्ण नाव द्या, आणि त्या नावाची सरळ (नावावरून पत्ता सांगणारी) नोंद आधीच करून ठेवा, म्हणजे वरची उलटतपासणी पास होते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पत्रं पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे सरळ आणि उलट अशा दोन्ही नोंदी असाव्यात असा गूगलचा नियमच आहे.

सगळा लॉग एकदम

आता परत त्या लॉगकडे. अपाची वेब सर्व्हर पहिल्या रकान्यात नावाऐवजी आकडा लिहितो, कारण त्याचं होस्टनेमलुकअप्स हे सेटिंग मुळातच बंद असतं. ते चालू करू नका. प्रत्येक पाहुण्याला दारात उभं करून त्याचं नाव विचारून यायचं म्हटलं तर साइट रखडते. ट्रेसरूट, नेटस्टॅट आणि टीसीपीडम्प या नेटवर्क तपासायच्या कमांडना -एन लावलं की त्या भराभर चालतात, त्याचंही कारण हेच: नावं विचारायचं थांबतं. विंडोजच्या ट्रेसर्टला त्यासाठी -डी लावतात.

नावं नंतर, निवांत काढायची. त्यासाठी लॉगरिझॉल्व्ह (लॉग आणि आर-ई-एस-ओ-एल-व्ही-ई सलग). उबुंटू-डेबियनवर ते अपाची२-युटिल्स पॅकेजमध्ये असतं, फेडोरावर एचटीटीपीडी-टूल्समध्ये. त्याला लॉग आत ओतायचा आणि नवा लॉग बाहेर घ्यायचा:

लॉगरिझॉल्व्ह -सी < ॲक्सेस.लॉग > नावांचा.लॉग

डावा कंस आत घेतो, उजवा बाहेर टाकतो. दोन्हीकडे एकच फाइल देऊ नका, नाहीतर शेल (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम) ती आधी रिकामी करेल आणि मग वाचायला काही उरणार नाही. -सी म्हणजे आपण वर हाताने केली ती उलटतपासणी. ज्याचं नाव पुन्हा त्याच पत्त्यावर येत नाही त्याचा आकडा तसाच राहतो. किती पत्ते होते, किती सुटले हा हिशेब हवा असेल तर -एस आणि पुढे फाइलचं नाव. पत्ता प्रत्येक ओळीत अगदी पहिला असला पाहिजे, नाहीतर लॉगरिझॉल्व्ह चुकीच्याच गोष्टीला नाव विचारत बसतं. साइटपुढे प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, असेल तर पहिल्या रकान्यात पाहुण्याऐवजी प्रॉक्सीचाच पत्ता असू शकतो, तेही आधी बघून घ्या.

एकदा विचारलेला पत्ता ते लक्षात ठेवतं, तरी प्रश्न एकामागून एकच जातात आणि उत्तर न देणाऱ्या पत्त्यांपाशी ते खोळंबतं. मोठा लॉग असेल तर रात्री लावून द्या. पण महिनाभर थांबू नका. घरगुती जोडण्यांचे पत्ते फिरते असतात, आणि जुन्या लॉगला तुम्ही आजची नावं लावून बसाल.

फाइल तयार झाली की तिच्यात गूगलबॉट हा शब्द ग्रेपने (जी-आर-ई-पी, फाइलमधून शब्द शोधणारी कमांड) शोधा. ज्या ओळीच्या सुरुवातीला गूगलबॉट.कॉम ने संपणारं नाव आलंय, ती सोडून द्या. ज्या ओळीत शेवटी 'मी गूगलबॉट' असं लिहिलंय आणि सुरुवातीला नुसता आकडाच उरलाय, ती वेगळी काढा. तो आकडा एकदा हाताने होस्टला विचारून बघा, कारण रात्री एखादं उत्तर वेळेत आलंही नसेल. तरीही नाव पटलं नाही तर हूइज (डब्ल्यू-एच-ओ-आय-एस) चालवून तो टापू कुणाच्या नावावर आहे ते बघा, आणि मग तो आकडा फायरवॉलच्या अडवायच्या यादीत घाला.